अमेरिकेत शिकताना काम आणि इंटर्नशिप: एफ-१ विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एफ-१ व्हिसावर अमेरिकेत शिकणारे किंवा जायच्या तयारीत असलेले विद्यार्थी, आणि इकडे त्यांच्या काळजीत असलेले आईवडील, अशा दोघांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. कामाच्या बाबतीत अडचणीत येणारी मुलं बहुतेक वेळा प्रामाणिक असतात. एखादी तारीख चुकते, नाहीतर कागद हातात पडण्याआधी काम सुरू होतं. म्हणून पुढे तारखा आणि कागद यांवरच जास्त भर दिला आहे.

एफ-१ व्हिसा मिळाला म्हणजे काम करायला मोकळीक मिळाली का?

नाही. एफ-१ शिक्षणासाठी आहे. काम करायच्या वाटा मोजक्या: कॅम्पसवरची नोकरी, सीपीटी (शिकत असतानाची इंटर्नशिप), ओपीटी (पदवीशी संबंधित कामाचा अनुभव, बहुधा पदवीनंतर) आणि तिची स्टेम मुदतवाढ (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या पदव्यांसाठी). अचानक मोठं आर्थिक संकट आलं, तर एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर यूएससीआयएस या इमिग्रेशनचे अर्ज हाताळणाऱ्या सरकारी खात्याकडे वेगळी परवानगी मागता येते, पण त्यासाठी संकटाचे पुरावे लागतात. कॅम्पसवरची नोकरी वगळता प्रत्येक वाटेवर आधी लेखी परवानगी, मग काम, हाच क्रम.

या सगळ्यात तुमचा मुख्य संबंध येतो तो डीएसओशी, म्हणजे विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसमधल्या अधिकाऱ्याशी. आय-२०, म्हणजे तुमच्या प्रवेशाचा आणि एफ-१ स्थितीचा अधिकृत दाखला, तोच देतो आणि सरकारच्या सेविस या प्रणालीत तुमची नोंदही तोच ठेवतो. सीनियरने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सांगितलेलं त्याच्या वर्षी, त्याच्या विद्यापीठात बरोबर असेलही. तुमच्या बाबतीत डीएसओचं उत्तर धरा, आणि ते ईमेलवर घ्या.

कॅम्पसवर किती तास काम करता येतं?

सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास. सुट्टीत, पुढच्या सत्रात शिकणार असाल तर, पूर्णवेळ.

इथे हिशोब चुकतो तो असा. २० तासांची सरासरी काढता येत नाही. या आठवड्यात १६ आणि पुढच्या आठवड्यात २४ केले, तर दुसऱ्या आठवड्यात नियम मोडला. पगार पंधरवड्याने होतो आणि स्लिपवर ४० तास दिसतात, म्हणून हे पटकन लक्षात येत नाही. दुसरं म्हणजे सगळ्या नोकऱ्यांचे तास एकत्र मोजले जातात. २० तासांची टीचिंग असिस्टंटशिप असेल, तर डायनिंग हॉलमध्ये शनिवारची चार तासांची शिफ्टसुद्धा घेता येत नाही. मॅनेजरला तुमच्या व्हिसाचे नियम माहीत असतीलच असं नाही. तो मदत म्हणून जादा शिफ्ट देऊ करेल. नाही म्हणायची जबाबदारी तुमची.

आपल्याकडची ‘कमवा आणि शिका’ डोळ्यांपुढे ठेवून बरेच जण तिथे ‘फेडरल वर्क-स्टडी’ असं लिहिलेल्या जागांना अर्ज करतात. त्या जागा अमेरिकी नागरिकांसाठी आणि ग्रीन कार्डधारकांसाठी असतात. जाहिरातीत तो शब्द नसलेल्या जागा शोधा: लायब्ररी, डायनिंग, जिम, आयटी हेल्पडेस्क, ग्रेडर.

सीपीटी आणि ओपीटी यांत नेमका फरक काय?

सीपीटी म्हणजे शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून केलेली इंटर्नशिप किंवा को-ऑप (अभ्यासक्रमात बसवलेली लांब मुदतीची नोकरी). परवानगी डीएसओ देतो, ती आय-२० च्या दुसऱ्या पानावर छापून येते, यूएससीआयएसला फी भरावी लागत नाही आणि वेगळं कार्डही नसतं. मात्र ही परवानगी एका ठराविक कंपनीपुरती आणि ठराविक तारखांपुरती असते.

ओपीटी म्हणजे पदवीशी संबंधित कामाचा १२ महिन्यांचा अनुभव, बहुतेक जण पदवीनंतर घेतात तो. त्यासाठी यूएससीआयएसकडे आय-७६५ हा अर्ज करावा लागतो आणि ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड, मिळतं. ती एका कंपनीला बांधलेली नसते. प्रत्येक वरच्या शैक्षणिक पातळीला १२ महिने नव्याने मिळतात: एमएसला एकदा, पुढे पीएचडी केली तर पुन्हा. दुसरं एमएस केलं तर पुन्हा मिळत नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात सीपीटी मिळेल का?

ऑगस्टमध्ये दाखल झालात तर बहुधा हो. एक पूर्ण शैक्षणिक वर्ष, म्हणजे सर्वसाधारणपणे फॉल आणि स्प्रिंग ही दोन सत्रं, पूर्णवेळ शिकून झालेलं असावं लागतं. जानेवारीत दाखल झालेल्यांचं मे महिन्यात एकच सत्र झालेलं असतं. त्यांना त्या उन्हाळ्यात सीपीटी मिळत नाही, आणि हे त्यांना ऑफर हातात आल्यावर कळतं. स्प्रिंगचा प्रवेश घेताना हे गणित आधीच मांडा.

दुसरी अट अशी की काम अभ्यासक्रमाचा अविभाज्य भाग हवं. विद्यापीठं याचा अर्थ बहुतेक वेळा क्रेडिटच्या कोर्सने लावतात: इंटर्नशिपचा कोर्स घ्या, शेवटी अहवाल द्या. उन्हाळ्यातल्या त्या क्रेडिटची फी भरावी लागते. बजेट करताना ती धरा.

सीपीटीसाठी नेमकं काय काय करायचं?

आधी ऑफर लेटर. त्यावर कंपनीचं नाव, काम प्रत्यक्ष जिथे करायचं तो पत्ता, पद, कामाचं स्वरूप, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, आणि आठवड्याचे तास हवेत. एचआरच्या छापील पत्रात शेवटची तारीख आणि तास बहुधा नसतात. त्यामुळे अर्ज परत येतो आणि आठवडा जातो. ऑफर स्वीकारतानाच या दोन गोष्टी घालून मागा.

मग विभागातल्या सल्लागाराची किंवा प्राध्यापकाची मंजुरी, कोर्सची नोंदणी आणि इंटरनॅशनल ऑफिसकडे अर्ज. मे महिन्यात तिथे अर्जांचा ढीग असतो, म्हणून किमान दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा.

नवा आय-२० आला की दुसरं पान उघडून वाचा. कंपनीचं नाव, पार्ट-टाइम की फुल-टाइम, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या तारखा. २० तास किंवा कमी म्हणजे पार्ट-टाइम, त्याहून जास्त म्हणजे फुल-टाइम. ‘पासून’ तारीख २६ मे असेल, तर २२ मेचं पगारी ऑनलाइन ट्रेनिंगसुद्धा काम धरलं जातं. कंपनीने मुदत दोन आठवडे वाढवली, तर जुनी तारीख संपायच्या आत वाढीव सीपीटीचा आय-२० हातात हवा. संपल्यावर मागे जाऊन दुरुस्ती होत नाही.

सीपीटी जास्त केला तर ओपीटी जाते, हे खरं का?

त्याच पातळीवर एकूण १२ महिने किंवा अधिक फुल-टाइम सीपीटी झाला, तर त्या पातळीची ओपीटी मिळत नाही. पार्ट-टाइम सीपीटी या मोजणीत धरत नाहीत. दोन उन्हाळे आणि एखादा को-ऑप मिळून दहा महिन्यांपर्यंत जाणारे बरेच असतात. अगदी ३६४ व्या दिवसापर्यंत ताणू नका. एक महिना तरी मोकळा सोडा.

‘पहिल्या दिवसापासून सीपीटी’ देणारी विद्यापीठं घ्यावीत का?

ज्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात सुरुवातीपासून प्रत्यक्ष काम करणं सगळ्याच विद्यार्थ्यांना सक्तीचं आहे, तिथे एक वर्षाच्या अटीतून सूट नियमातच आहे. पण त्या सवलतीवर उभी राहिलेली, शिकवणं नावापुरतं आणि कामाची परवानगी खरी विक्रीची वस्तू, अशीही विद्यापीठं आहेत.

२०१९ च्या जानेवारीत मिशिगनमधल्या ‘युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन’चं खरं रूप बाहेर आलं. ते विद्यापीठ अमेरिकी सरकारच्या इमिग्रेशन अंमलबजावणी खात्यानेच सापळा म्हणून उभं केलेलं होतं. वर्ग नव्हते, शिक्षक नव्हते. नावनोंदणी केलेल्यांत बहुतांश भारतीय विद्यार्थी होते आणि त्यांतल्या अनेकांना अटक झाली. त्याआधी २०११ मध्ये कॅलिफोर्नियातलं ‘ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटी’ बंद पडलं, तेव्हा काही भारतीय विद्यार्थ्यांच्या पायाला रेडिओ कॉलर बांधल्या गेल्या होत्या.

प्रवेशाआधी विचारा: आठवड्याला किती तास वर्ग, कुठे, कोण शिकवतं, आणि सीपीटी त्या अभ्यासक्रमात सगळ्यांना सक्तीचा आहे का. उत्तर ‘वर्षातून दोनदा शनिवार-रविवार या’ असं असेल, तर पुढे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या वेळी तुम्ही खरोखर शिकत होता हे सिद्ध करायची पाळी येऊ शकते, हे धरून चाला.

बिनपगारी इंटर्नशिपला परवानगी लागते का?

बहुतेक वेळा लागते. पगार नाही म्हणून ते काम ठरत नाही, असं नाही. नफा कमावणाऱ्या कंपनीत जे काम एरवी पगारी माणूस करतो, ते तुम्ही फुकट केलंत तरी रोजगारच. प्राण्यांचा निवारा, फूड बँक अशा धर्मादाय संस्थेत, जिथे सगळेच स्वयंसेवक असतात, तिथली सेवा वेगळी. स्टार्टअपने ‘आधी तीन महिने फुकट करा, मग बघू’ म्हटलं, तर सीपीटी घेऊनच करा. तसा अनुभव रेझ्युमेवर निर्धास्तपणे दाखवताही येतो.

पुण्यातल्या जुन्या कंपनीचं काम रात्री ऑनलाइन केलं तर? पगार भारतात, रुपयांत जमा होतो.

हा प्रश्न फार जण विचारतात आणि ‘कोणाला कळणार’ असं स्वतःच उत्तर देतात. तुम्ही अमेरिकेत बसून काम करत आहात. पैसे कुठल्या बँकेत पडतात यावरून सुटका होत नाही. फ्रीलान्सिंग, फूड डिलिव्हरी, राइड-शेअर, मित्राच्या दुकानात रोखीने काम, जाहिरातीचे पैसे मिळवणारं यूट्यूब चॅनल चालवणं, सगळं परवानगी लागणाऱ्या कामातच येतं. मुदत ठेवीचं व्याज, शेअरचा लाभांश, गावाकडच्या घराचं भाडं ही नुसती गुंतवणुकीची मिळकत आहे. तिला अडचण नाही, मात्र कराच्या वेळी ती बघावी लागते.

इंटर्नशिप शोधायला कधी लागावं? मुलाखतीत स्पॉन्सरशिपचं काय सांगावं?

मोठ्या कंपन्यांची पुढच्या उन्हाळ्याची भरती ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात जोरात असते. म्हणजे विमानातून उतरल्यावर महिन्याभरात करिअर फेअर. रेझ्युमे निघण्याआधीच एक पानाचा करून घ्या. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती यांतलं काही नको. छोट्या कंपन्या आणि संशोधन संस्था फेब्रुवारी ते एप्रिलमध्येही घेतात, त्यामुळे ऑक्टोबर कोरडा गेला तर हातपाय गाळू नका.

अर्जात बहुधा दोन प्रश्न असतात. ‘अमेरिकेत काम करायला तुम्हाला कायदेशीर परवानगी आहे का?’ सीपीटी किंवा ओपीटीच्या जोरावर करणार असाल तर हो, आणि पुढे स्पष्ट करा. ‘आता किंवा पुढे कधी स्पॉन्सरशिप लागेल का?’ म्हणजे नोकरीच्या व्हिसासाठी कंपनीला अर्ज करावा लागेल का. कायम नोकरीसाठी प्रामाणिक उत्तर हो असंच आहे. नाही लिहून ऑफर मिळवली, तर खोटी माहिती दिली म्हणून ती मागे घेतली जाऊ शकते. इंटर्नशिपसाठी एचआरला एवढंच सांगा: विद्यापीठ परवानगी देतं, कंपनीने कुठलाही सरकारी अर्ज करायचा नाही, फीही नाही. छोट्या कंपन्या नकार देतात तो पुष्कळदा हे माहीत नसल्यामुळे. संरक्षण क्षेत्रातल्या ज्या जागांना नागरिकत्व किंवा ग्रीन कार्डची अट आहे, तिथे वेळ घालवू नका.

ओपीटीचा अर्ज कधी करायचा?

आय-२० वरची प्रोग्रॅम संपायची तारीख धरून, ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत. ही तारीख पदवीदान समारंभाची नव्हे. समजा ती १५ मे २०२६ आहे. मग १४ फेब्रुवारीला दार उघडतं आणि १४ जुलैला बंद होतं. ओपीटीची सुरुवातीची तारीख १६ मे ते १४ जुलै यांमधली निवडायची.

यात आणखी एक घड्याळ चालतं. डीएसओने सेविसमध्ये ओपीटीची शिफारस टाकली की त्या दिवसापासून ३० दिवसांत तुमचा आय-७६५ यूएससीआयएसकडे पोहोचला पाहिजे. शिफारसीचा आय-२० घेऊन ‘परीक्षा झाल्यावर भरू’ म्हणणाऱ्यांचे अर्ज इथे फेटाळले जातात. फीही परत मिळत नाही.

शक्यतो दार उघडताच अर्ज करा. निकालाला महिने लागू शकतात, आणि कार्डावरची तारीख येईपर्यंत एक दिवसही काम करता येत नाही.

आय-७६५ भरताना काय काय चुकतं?

अर्ज ऑनलाइन भरणं सोपं आणि स्वस्त. १ एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन फी ४७० डॉलर आणि कागदी अर्जाची ५२० डॉलर आहे. भरायच्या दिवशी यूएससीआयएसच्या पानावर पुन्हा बघा. जादा पैसे भरून प्रीमियम प्रक्रिया घेता येते, तिची मुदत ३० कामकाजाचे दिवस. नोकरीची तारीख तोंडावर नसेल तर तिची गरज नसते.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे अर्जाचा प्रकार. पदवीनंतरच्या ओपीटीचा सी-३-बी, पदवीआधीच्या ओपीटीचा सी-३-ए, स्टेमचा सी-३-सी. यादीत हे एकाखाली एक असतात आणि बोट घसरतं.

जुना आय-२० अपलोड करणं ही दुसरी चूक. लागतो तो ओपीटीची शिफारस असलेला नवा आय-२०, आणि पहिल्या पानावर खाली तुमची स्वतःची सही असलेला. पीडीएफ आला की सही न करताच जोडला जातो, ते टाळा. त्याबरोबर पासपोर्टचं माहितीचं पान, सरकारी संकेतस्थळावरून काढलेला ताजा आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद), दोन बाय दोन इंचाचा पांढऱ्या पार्श्वभूमीचा, चष्मा न घातलेला ताजा फोटो आणि आधी ईएडी मिळालं असेल तर त्याची दोन्ही बाजूंची प्रत. पूर्वी झालेल्या सीपीटीचे आय-२० सुद्धा जोडा.

अर्ज भरताना तुम्ही अमेरिकेत असलं पाहिजे. परीक्षा संपवून नाशिकला घरी आलात आणि इथून ‘सबमिट’ दाबलं, तर तो अर्ज टिकत नाही.

पत्ता. कार्ड टपालाने येतं, आणि मे-जूनमध्ये सगळे घरं बदलत असतात. पुढचे चार महिने नक्की राहील असा पत्ता द्या. मित्राच्या घरचा असेल तर ‘केअर ऑफ’ त्याचं नाव लिहा आणि त्याच्या टपालपेटीवर तुमच्या नावाची चिठ्ठी लावा. पेटीवर नाव नाही म्हणून पोस्टमन कार्ड परत पाठवू शकतो. घर बदललं तर १० दिवसांत विद्यापीठाला आणि यूएससीआयएसला, दोन्हीकडे कळवा.

पासपोर्टवर माझ्या नावापुढे वडिलांचंही नाव आहे. त्याने काही बिघडतं का?

बिघडतं, आणि मराठी मुलांना हा त्रास हटकून होतो. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात ‘रोहन सुरेश’ असं दोन्ही येतं. आय-२० आणि व्हिसावरही तेच. एसएसएनच्या (सोशल सिक्युरिटी नंबरच्या) अर्जात कोणी सुरेशला मधलं नाव करतं, बँकेत फक्त रोहन, कंपनीच्या पगारखात्यात आणखी तिसरंच. मग ई-व्हेरिफाय या कामाची परवानगी तपासणाऱ्या सरकारी प्रणालीत नाव जुळत नाही आणि रुजू व्हायच्या पहिल्या आठवड्यात धावपळ होते.

उपाय एकच. प्रत्येक सरकारी अर्जावर आणि पगाराच्या कागदांवर पासपोर्टवर जसं छापलंय तसंच, त्याच रकान्यात. रेझ्युमेवर फक्त रोहन चालतं. लग्नानंतर आडनाव बदलायचं असेल, तर ईएडीचा अर्ज प्रलंबित असताना बदलू नका.

ओपीटीची सुरुवातीची तारीख कोणती निवडावी?

नोकरी हातात असेल तर रुजू व्हायच्या थोडी आधीची. नोकरी नसेल तर शक्य तितकी उशिराची, कारण बेरोजगारीचे दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. अर्ज गेल्यावर तारीख बदलणं अवघड असतं.

९० दिवसांचा नियम नेमका कसा मोजतात?

पदवीनंतरच्या ओपीटीत एकूण ९० दिवस बिनकामाचे चालतात. शनिवार-रविवार धरून, कॅलेंडरचे दिवस. कार्ड १ जुलैपासून सुरू झालं आणि काम मिळालं नाही, तर २८ सप्टेंबर हा नव्वदावा दिवस. मधे नोकरी लागून सुटली, तर मोजणी थांबते आणि पुढे तिथूनच चालू होते. नोकरी नसताना भारतात येऊन राहिलात तरी दिवस मोजले जातात.

काम म्हणजे आठवड्याला किमान २० तास, पदवीशी संबंधित. पहिल्या १२ महिन्यांत ते बिनपगारीही चालतं, कामगार कायद्यात बसत असेल तर. दोन-तीन ठिकाणचं मिळून २० तास झाले तरी चालतात. स्वतःचा व्यवसायही चालतो.

नोकरी मिळाली एवढ्याने मोजणी थांबत नाही, सेविसमध्ये नोंद व्हावी लागते. ओपीटी सुरू होते त्या सुमारास एसईव्हीपी पोर्टल या, नोकरीची माहिती भरायच्या सरकारी संकेतस्थळावर खातं उघडायचा ईमेल येतो. स्पॅममध्ये बघा. कंपनीचं नाव, पत्ता, सुरुवातीची तारीख, आणि तुमच्या पदवीशी कामाचा संबंध कसा आहे ते दोन-तीन वाक्यांत. बदल झाला की १० दिवसांत. मे २०२५ मध्ये, ९० दिवस उलटूनही सेविसमध्ये कंपनीची नोंद नसलेल्या विद्यार्थ्यांना सरकारकडून इशाऱ्याची पत्रं गेली. माहिती भरायला त्यांना १५ दिवस दिले होते. त्यांत नोकरी असलेले, पण पोर्टलवर नोंद राहिलेले विद्यार्थीही होते.

नोकरी लागत नाही आणि एक कन्सल्टन्सी ‘पेपरवर दाखवतो’ म्हणते. घ्यावं का?

कर्जाचा हप्ता सुरू व्हायची तारीख जवळ आलेली असते, ८० दिवस संपलेले असतात, आणि नेमका तेव्हाच हा फोन येतो. त्या वेळची घालमेल आम्ही समजू शकतो. तरीही घेऊ नका.

ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. ते तुमच्याकडून ‘ट्रेनिंग फी’ किंवा डिपॉझिट मागतात. रेझ्युमेवर सहा वर्षांचा खोटा अनुभव घालायला सांगतात. पगाराची स्लिप नसते, मॅनेजरचं नाव नसतं, कामाचा पत्ता एखाद्या भाड्याच्या ऑफिसचा असतो. मूळ कागदपत्रं ठेवून घेतात किंवा सोडल्यास दंडाचा करार करतात. अशा एखाद्या कंपनीची चौकशी झाली की तिच्या यादीतल्या प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद तपासली जाते, आणि तुम्ही ती सोडून चांगल्या नोकरीत असलात तरी व्हिसाच्या खिडकीवर तिचं नाव विचारलं जातं.

त्याऐवजी विद्यापीठातल्या प्राध्यापकाकडे संशोधनाचं काम मागा, बिनपगारी असलं तरी. आठवड्याला २० तास, विषयाशी संबंधित, आणि प्राध्यापकाचं सही केलेलं पत्र. ही पूर्ण कायदेशीर सोय आहे, आणि तिथून शिफारसपत्रही मिळतं.

स्टेम मुदतवाढ कोणाला मिळते?

ज्यांच्या पदवीचा सीआयपी कोड (विषयाचा सरकारी क्रमांक) सरकारी स्टेम यादीत आहे त्यांना, २४ महिने. कोड आय-२० वर छापलेला असतो. अभ्यासक्रमाच्या नावावर जाऊ नका. अर्थशास्त्राची पदवी ४५.०६०१ या कोडखाली असेल तर स्टेम नाही, ४५.०६०३, म्हणजे अर्थमिती आणि संख्यात्मक अर्थशास्त्र, असेल तर आहे. दोन विद्यापीठांत नावं तीच आणि कोड वेगळे असू शकतात. प्रवेश घेण्याआधी विद्यापीठाला ईमेल करून कोड विचारा. दोन वर्षांच्या कामाचा प्रश्न आहे.

कंपनी ई-व्हेरिफायमध्ये नोंदलेली हवी, काम पगारी आणि आठवड्याला किमान २० तासांचं हवं, आणि आय-९८३ हा प्रशिक्षण आराखडा कंपनीने सही करून द्यायला हवा. त्यात काय शिकवणार, कोण देखरेख करणार, मूल्यमापन कसं होणार, हे लिहायचं असतं. ‘विविध प्रकल्पांवर काम’ एवढंच लिहिलेला आराखडा डीएसओ परत पाठवतात. स्वतःच स्वतःची कंपनी काढून स्टेम घेता येत नाही.

अर्ज चालू ईएडी संपायच्या ९० दिवस आधीपासून ते संपायच्या दिवसापर्यंत, आणि डीएसओच्या शिफारसीपासून ६० दिवसांत. इथे मुदतीनंतरचे ६० दिवस मिळत नाहीत. वेळेत अर्ज केला असेल, तर जुनं कार्ड संपल्यावरही निकाल लागेपर्यंत जास्तीत जास्त १८० दिवस काम चालू ठेवता येतं. बेरोजगारीची मर्यादा दोन्ही काळ मिळून १५० दिवस होते. दर सहा महिन्यांनी डीएसओकडे माहितीची पडताळणी, बारा महिन्यांनी आणि शेवटी स्वतःचं मूल्यमापन. हे विसरलात तर नोंद बंद होऊ शकते.

ओपीटी संपताना एच-वन-बी निघाली तर मधल्या काळाचं काय?

लॉटरीत नाव निघणं पुरेसं नाही. ओपीटी चालू असतानाच कंपनीने स्थिती बदलाच्या मागणीसह प्रत्यक्ष अर्ज दाखल केला असेल, तर ‘कॅप-गॅप’खाली कामाची परवानगी पुढे चालते. जानेवारी २०२५ पासून तिची मर्यादा १ ऑक्टोबरऐवजी १ एप्रिलपर्यंत नेली आहे. नवा आय-२० मागून घ्या, एचआरला तोच दाखवावा लागतो.

एसएसएन कधी काढायचा?

नोकरी मिळाल्यावर. नुसतं फोनसाठी किंवा क्रेडिट कार्डासाठी मिळत नाही. कॅम्पसवर असाल तर विभागाचं आणि डीएसओचं पत्र, सीपीटीला नवा आय-२०, ओपीटीला ईएडी. सीपीटी सुरू व्हायच्या ३० दिवस आधीपासून अर्ज करता येतो. आय-७६५ मध्येच एसएसएन मागायचा पर्यायही असतो. कार्ड घरी ठेवा, पाकिटात नको.

पगारातून कापलेल्या कराची काळजी कशी घ्यायची?

पहिली पगार स्लिप हातात आली की ‘सोशल सिक्युरिटी’ आणि ‘मेडिकेअर’ या ओळी बघा. एफ-१ वर पहिली पाच कॅलेंडर वर्षं तुम्ही सर्वसाधारणपणे कराच्या दृष्टीने अनिवासी असता आणि ६.२ व १.४५ टक्के, एकूण ७.६५ टक्के, ही कपात तुम्हाला लागू नसते. तासाला ३० डॉलर, आठवड्याला ४० तास, १२ आठवडे, म्हणजे १४,४०० डॉलर. त्यावर चुकून कापलेले होतात १,१०१ डॉलर ६० सेंट. आधी कंपनीच्या पेरोलकडे मागा. त्यांनी लेखी नकार दिला तर आयआरएस या कर खात्याकडे फॉर्म ८४३ आणि ८३१६. फेडरल आणि राज्याचा आयकर मात्र भरावा लागतो.

विवरणपत्र १०४०-एनआर. नेहमीची लोकप्रिय सॉफ्टवेअर निवासी लोकांचं १०४० भरून टाकतात, आणि परतावा मोठा दिसतो म्हणून मुलं खूश होतात. ते चुकीचं असतं आणि पुढे दुरुस्त करावं लागतं. भारत-अमेरिका करारातल्या कलम २१ मुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं. ही सवलत इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना नाही, म्हणून वर्गातल्या दुसऱ्या देशाच्या मित्राचं विवरणपत्र बघून भरू नका. एका डॉलरचीही कमाई नसली तरी फॉर्म ८८४३ पाठवायचा.

ओपीटीवर असताना भारतात येऊन जाता येईल का?

येईल. ईएडी, नोकरीचं पत्र, चालू व्हिसा, सहा महिन्यांहून जास्त मुदतीचा पासपोर्ट आणि गेल्या सहा महिन्यांतली डीएसओची प्रवासाची सही असलेला आय-२० जवळ ठेवा. व्हिसा संपला असेल तर इकडे नवा काढावा लागेल, म्हणून मुंबईची अपॉइंटमेंट मिळाल्याशिवाय तिकीट काढू नका. अर्ज प्रलंबित आणि नोकरी नाही, अशा अवस्थेतला प्रवास शक्यतो टाळा.

जोडीदार एफ-२ वर काम करू शकतो का?

नाही. घरून किंवा ऑनलाइनही नाही.

चुकून परवानगीशिवाय काम झालं असेल तर?

पहिलं, ते काम आजच थांबवा. दुसरं, तारखा, तास आणि मिळालेले पैसे यांची खरी नोंद लिहून ठेवा, स्लिपा जपा. तिसरं, डीएसओकडे जाण्याआधी इमिग्रेशन वकिलाशी बोला. डीएसओ मदत करणारा असला तरी उल्लंघन कळल्यावर ते सेविसमध्ये नोंदवणं त्याला भाग पडू शकतं, वकिलाशी झालेलं बोलणं मात्र गोपनीय राहतं. अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी कायदा सल्ला केंद्र असतं, तिथे पहिली भेट फुकट किंवा अल्प दरात मिळते.

परवानगीशिवाय काम केलेल्यांना ‘रीइन्स्टेटमेंट’ची, म्हणजे गेलेली एफ-१ स्थिती परत मिळवायची, वाट नियमाने बंद आहे. देश सोडून नव्या आय-२० वर परत येण्याचा पर्याय काहींना असतो, आणि तो घ्यायचा की नाही हे तुमच्या व्हिसाच्या मुदतीवर आणि आधीच्या नोंदींवर ठरतं. कुठल्याही सरकारी अर्जात हे लपवू नका. ग्रीन कार्डाच्या अर्जात ‘अमेरिकेत कधी परवानगीशिवाय काम केलं आहे का’ असा थेट प्रश्न असतो, आणि तिथे खोटं लिहिणं हे मूळ चुकीपेक्षा कितीतरी जड पडतं.